नावडत्या निवेदिकेची सोय

आर. एफ. क्वांग यांच्या ‘यलोफेस’ (२०२३) या कादंबरीविषयी एक तक्रार वारंवार केली जाते : तिची निवेदिका असह्य आहे. जून हेवर्ड ही अपयशी गोरी लेखिका. यशस्वी मैत्रीण अथीना ल्यू हिच्या आकस्मिक मृत्यूनंतर ती तिचे अप्रकाशित हस्तलिखित पळवते, ते ‘जूनिपर साँग’ या नावाने छापते आणि अखेरपर्यंत आत्मसमर्थन करीत राहते. अशा व्यक्तीचा सहवास वाचकाने का सोसावा, असे विचारले जाते. हा प्रश्न वाङ्मयीन नव्हे. निवेदक हा काही पंक्तीला बोलवायचा पाहुणा नसतो. वेन बूथ यांनी १९६१ मध्ये ‘अविश्वसनीय निवेदका’ची संकल्पना मांडली, ती आवडीनिवडीपुरती नव्हती. निवेदकाची मूल्ये आणि संहितेची मूल्ये यांतील अंतर वाचकाने मोजावे, ही तिच्यामागची अपेक्षा होती.

तथापि, या तक्रारीपेक्षा कादंबरीची एक विशिष्ट प्रशंसा अधिक घातक आहे. जून दुष्ट आहे आणि कादंबरी तिचे पितळ उघडे पाडते, एवढ्यावरच ही प्रशंसा समाधान मानते. त्यामुळे वाचक न्यायासनावर बसतो आणि प्रकाशनव्यवसाय निर्दोष सुटतो. संहिता मात्र निराळे सांगते. चोरलेले हस्तलिखित पहिल्या महायुद्धातील चिनी मजुरांविषयीचे आहे. ब्रिटन व फ्रान्स यांनी असे सुमारे १,४०,००० मजूर नेले होते. संपादनाच्या प्रक्रियेत एका गोऱ्या गुंडाचा चिनी गुंड होतो आणि एका बोलक्या चिनी मजुराच्या जागी सहृदय गोरा शेतकरी येतो. हे फेरफार चोरून होत नाहीत. ते पगारी, सुविद्य माणसांच्या संमतीने, वाचकांच्या सोयीच्या नावाखाली होतात. अथीनाही निष्कलंक नाही. जूनने विश्वासाने सांगितलेल्या यातनेची तिने कथा केलेली असते.

शिवाय, बाजार लेखकाच्या वंशाचाही माल करतो, हे जूनचे निरीक्षण बव्हंशी खरे आहे. खरे निरीक्षण ती खोट्या समर्थनासाठी वापरते, येथेच वाचनाची कसोटी लागते. बोलणारी तिरस्करणीय म्हणून तिचे सारेच नाकारणारा वाचक व्यवसायाविषयीचे सत्य गमावतो. सारेच स्वीकारणारा तिचा साथीदार होतो.

क्वांग यांचे लेखनही येथे सर्वत्र टिकत नाही. जूनचा वंशद्वेष काही ठिकाणी इतका ढोबळपणे दाखवला आहे की अंतर मोजण्याचे श्रमच वाचकाला उरत नाहीत. तेथे कादंबरी त्याच्या न्यायाधीशपणाला खतपाणी घालते, आणि समीक्षेने हा दोष स्पष्टपणे नोंदवला पाहिजे. परंतु निवेदिका नावडती असणे हा तो दोष नव्हे; ती क्वचित फारच सहजपणे नावडती होते, हा तो दोष आहे.

जूनला कोणती शिक्षा व्हावी, हे समीक्षेने ठरवायचे नाही. हस्तलिखितातला बोलका मजूर कोणाच्या संमतीने नाहीसा झाला, याचा जाब मात्र तिने विचारायला हवा.