घरी लक्ष द्यावे

मैत्रिणींनो,

आमच्या सल्लाकेंद्रात एक बाई आली होती. तक्रार नेहमीचीच, नवरा मारतो. का मारतो हे बाईला विचारायचं नाही, असा आपला दंडक आहे, कारण मारण्याला कुठलंच कारण पुरेसं नसतं. पण तिनं आपणहून पिशवीतून एक वही काढली आणि टेबलावर ठेवली. तिसरीतल्या मुलाची शाळेची डायरी. पानापानांवर लाल शाईतला तोच शेरा : ‘वर्गात लक्ष नसते. जागेवर बसत नाही. घरी लक्ष द्यावे.’ प्रत्येक शेऱ्याखाली आईची सही. शेरा आला त्या संध्याकाळी घरात काय होत असेल, ते तिच्या दंडावर दिसत होतं. सासू म्हणायची, पोरगं वाया गेलं ते हिच्या वळणानं. नवरा म्हणायचा, दिवसभर घरातच असतेस, एक पोर सांभाळता येत नाही? आणि ती आम्हाला विचारत होती, “ताई, माझंच काही चुकतंय का?”

‘घरी लक्ष द्यावे.’ यातलं ‘घर’ म्हणजे आई, हे शाळेनं वेगळं सांगावं लागत नाही. मूल पहिलं आलं तर ते बापाच्या वळणावर जातं, आणि बाकावर टिकेनासं झालं की आईच्या.

त्या मुलाला जिल्हा रुग्णालयात नेलं. आधी कान आणि डोळे तपासले, मग मनोविकारतज्ज्ञांनी आईशी बोलून आणि शाळेकडून माहिती मागवून निदान केलं : अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, थोडक्यात एडीएचडी. लक्ष एका जागी टिकत नाही, हातापायांना स्वस्थता नाही, मनात आलं की लगेच बोलून किंवा करून मोकळं व्हायचं, अशी ही अवस्था. शंभर मुलांत साधारण पाच जणांमध्ये ती आढळते. तिचा संबंध मेंदूच्या वाढीशी आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असं दिसतं, की तिच्यात अनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे, साधारण सत्तर ते ऐंशी टक्के. आईचे लाड, आईची नोकरी, आईचा धाक नसणं यातून ती होत नाही. हे वाक्य आपल्या प्रत्येक गटानं पाठ करून ठेवावं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रत्येक चंचल मूल एडीएचडीचं नसतं. रात्री आईला मार बसताना पाहणारं मूल सकाळी पाढ्यात लक्ष कसं घालणार? भूक, अपुरी झोप, कमी ऐकू येणं, न कळणारी भाषा यांनीही मूल अस्वस्थ होतं. म्हणून निदानाचे काही नियम आहेत. लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात, आणि घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. पाच मिनिटांत कागदावर नाव लिहून देणाऱ्यापासून सावध राहायला हवं. आणि जिथे घरात हिंसा आहे तिथे ती थांबवणं हाच पहिला उपचार, मग निदान काहीही असो.

आता या गोष्टीतला पुढचा भाग, ज्यासाठी हे संपादकीय लिहायला घेतलं.

मुलाची तपासणी चालू असताना डॉक्टरांनी आईला तिच्या लहानपणाबद्दल विचारलं. ती आधी हसली, मग रडायला लागली. म्हणाली, “तुम्ही सांगताय ते सगळं माझंच आहे.” वर्गात ती कधी उड्या मारत नव्हती. शेवटच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसायची. पट्टी, वही, चप्पल रोज हरवायची. सातवीत नापास झाली तेव्हा घरच्यांनी शाळा बंद केली आणि तीन वर्षांत लग्न लावून दिलं. सासरी दूध उतू जायचं, गॅस चालू राहायचा, किल्ली सापडायची नाही. तिला वेंधळी, धांदरट, बावळट अशी नावं पडली. पस्तिसाव्या वर्षी तिला कळलं, की आपल्या या वागण्याला एक वेगळं नाव आहे आणि त्यावर इलाज आहे.

ती इतकी वर्षं कुणाला दिसली कशी नाही? १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं अशा मुलांबद्दल व्याख्यानं दिली, तेव्हापासून पुढची अनेक दशकं वैद्यकानं मुख्यतः मुलगेच पाहिले. वर्ग डोक्यावर घेणारा मुलगा शिक्षकांना त्रास देतो, म्हणून त्याला दवाखान्यात पाठवलं जातं. गप्प बसून हरवून जाणारी मुलगी कुणालाच त्रास देत नाही. अतिचंचलता नसतानाही लक्षाची कमतरता असू शकते, हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियमावलीत १९८० साली आलं. प्रौढांसाठी निकष थोडे सैल व्हायला २०१३ साल उजाडावं लागलं. आजही लहानपणी दवाखान्यात मुलग्यांची संख्या मुलींच्या कितीतरी पट असते. प्रौढ वयात हे अंतर बरंच कमी होतं. मधल्या काळात या मुली कुठे असतात? आपल्या भाषेत सांगायचं तर त्या ‘अभ्यासात डोकं नाही’ म्हणून लग्न लावून दिलेल्या असतात.

हे नुसतं दुर्लक्ष नाही, त्यात जिवाचा धोका आहे. अमेरिकेत बर्कली इथे स्टीफन हिन्शॉ आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या १४० मुलींचा लहानपणापासून तरुणपणापर्यंत मागोवा घेतला. इतर मुलींच्या तुलनेत यांच्यात स्वतःला इजा करून घेण्याचं आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. वर्षानुवर्षं ‘तुला काही जमत नाही’ ऐकलेल्या मुलीच्या मनात काय साठत असेल, ते आपल्याला परदेशी अभ्यासाशिवायही कळतं.

औषधं आहेत, आणि त्यांची भीती बाळगण्याचं कारण नाही. मात्र माहिती हवी. १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये लिआन्द्रो पानित्सोन या रसायनशास्त्रज्ञानं मेथिलफेनिडेट तयार केलं. त्याचं ‘रिटालिन’ हे नाव त्यानं बायकोच्या, रीटाच्या नावावरून ठेवलं. औषधाला नाव बाईचं, पण ते पोहोचलं मुख्यतः मुलग्यांपर्यंत! या औषधानं भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणून वजन, उंची, नाडी, रक्तदाब तपासत राहावं लागतं. आपल्याकडे ते कडक नियंत्रणाखाली आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि सगळ्या दुकानांत नसतंच. अगदी लहान मुलांसाठी आधी औषध नाही, आधी पालकांचं प्रशिक्षण, असा जाणत्यांचा सल्ला आहे. एका वेळी एकच सूचना. मोठं काम तोडून छोटं करणं. चांगलं वागल्याबरोबर, त्याच क्षणी, शाबासकी. रोजचा क्रम ठरलेला. शाळेत पुढचा बाक, मधून मधून फळा पुसायला किंवा खडू आणायला उठण्याची मुभा. मोठ्यांसाठीही असंच : किल्लीला एकच खिळा, कामांची यादी भिंतीवर, मोबाइलचा गजर, लागेल तिथे औषध आणि समुपदेशन.

पण मैत्रिणींनो, ‘पालकांचं प्रशिक्षण’ असं म्हटलं की खोलीत कोण बसलेलं असतं? सगळ्या आयाच. मुलाचा क्रम आईनं ठरवायचा, शाबासकी आईनं द्यायची, शाळेत आईनं जायचं, रोजगार बुडवून दवाखान्याच्या रांगेत आईनंच उभं राहायचं. ती स्वतःच याच अवस्थेतून जात असेल तर? जिचं स्वतःचं लक्ष टिकत नाही, तिच्यावर सगळ्या घराचं लक्षात ठेवण्याचं काम टाकायचं आणि चुकली की मारायचं! दूध उतू गेलं तर ते बघायला घरात दुसरे डोळे नव्हते का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. बाप प्रशिक्षणाला आला नाही तर उपचार अर्धाच झाला, असं डॉक्टरांनी आणि आपण स्पष्ट सांगायला हवं.

त्या बाईला स्वतःच्या उपचारांचा कागद नको होता. “हा कागद त्यांच्या हाती लागला तर मला वेडी ठरवतील, पोरगं काढून घेतील,” म्हणाली. ही भीती खोटी नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहेच. पण तो विकार इतका तीव्र असावा लागतो, की जोडीदारानं सोबत राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये. १९८८ साली राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात, स्किझोफ्रेनियासारख्या आजाराबाबतही, नुसतं आजाराचं नाव पुरेसं नाही असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नं उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. आपल्या वकील मैत्रिणींनी हे मुद्दे हाताशी ठेवावेत.

सरकारकडे मागायचंही बरंच आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते. तपासायच्या यादीत एडीएचडी आहे. पथक शाळेत येतं तेव्हा वजन-उंचीपलीकडे ते काही विचारतं का, हे आपण बघू शकतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत. त्यात अध्ययन-अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. त्यामुळे सवलतींसाठी आईला एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे फिरावं लागतं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं दोन्ही बंद केलं आहे; बाकावर उभं करून ‘माकड’ म्हणणं हाही छळच. दूरच्या गावांतून ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर निदान पहिला सल्ला तरी मिळू शकतो.

आणि थोडं स्वतःकडे. आपल्या संघटनांमध्येही अशी एखादी असते. मोर्चात सगळ्यांच्या पुढे, घोषणा तिच्याच, पोलीस ठाण्यात न घाबरता बोलणारी. पण बैठकीला उशिरा येते, अहवाल देत नाही, पावत्या हरवते. आम्ही तिला ‘बेजबाबदार’ म्हटलं. दोन बैठकांत सुनावलं, तिसऱ्या बैठकीला ती आलीच नाही. तिला एडीएचडी होता की नव्हता, हे ठरवणं आमचं काम नव्हे. पण अहवाल दुसरीनं लिहावा आणि हिनं तोंडी सांगावा, एवढी साधी वाटणी आम्हाला सुचली नाही. सासरनं दिलेली ‘बेफिकीर’ ही पदवीच आम्ही शब्द बदलून तिला दिली. ती चूक आमची.

म्हणून येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटानं एका बैठकीत हा विषय घ्यावा. गावातल्या शिक्षिकेला, आशाताईला, अंगणवाडीताईला बोलवावं. मुलांच्या बापांनाही बोलवावं, आले नाहीत तर कितीजण आले नाहीत ते मोजावं. शाळा सुटलेल्या मुलींची यादी काढावी आणि त्यातली कोण खिडकीबाहेर बघत बसायची ते आठवून पाहावं. काय दिसलं ते आम्हाला लिहून कळवा, पुढच्या अंकात छापू.

ती बाई अजून केंद्रात येते. मुलाच्या शिक्षिकेला आम्ही दोघी जाऊन भेटलो, बरंच बोलणं झालं. डायरीत आता शेरे कमी झाले आहेत. परवा एक आला, ‘आज दहा मिनिटे बसला.’ त्याखाली सही मात्र अजून आईचीच आहे.

तुमच्या,
संपादक मंडळातल्या मैत्रिणी