सर्व्हिसचा जोर पायांत असतो, मग शिक्षा खांद्याला का?

टेनिस खेळणाऱ्या आपल्या लोकांत एक समज फार घट्ट बसलेला आहे: सर्व्हिस जोरात हवी असेल तर हात जोरात फिरवा. रविवारी सकाळी क्लबात खेळणारे पंचेचाळिशीचे गृहस्थ असं मानतात, मुलाला स्पर्धेत उतरवणारे पालक असं मानतात आणि दुर्दैवाने काही प्रशिक्षकही मानतात. या समजापायी दुखणारे खांदे, कोपरं आणि कंबरा घेऊन लोक दवाखान्यात येतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, खेळ न थांबवता बरं होईल असं काहीतरी द्या."

या लेखात मी याच समजाविरुद्ध बोलणार आहे. तुम्ही किंवा तुमची मुलं टेनिस खेळत असाल तर शेवटपर्यंत वाचा.

जोर येतो कुठून?

शेतात पाखरं हाकायला गोफण वापरतात ती आठवा. दगड सुटतो हाताच्या टोकाशी, पण फेकणारा माणूस पाय रोवून, कंबर वळवून ती फिरवतो. सर्व्हिसचंही तसंच आहे. गुडघे वाकतात, पाय जमिनीला मागे रेटतात, तो रेटा मांड्यांतून कमरेत जातो, कंबर वळते, मग धड वळतं, मग खांदा, कोपर, मनगट आणि सर्वांत शेवटी रॅकेट. प्रत्येक सांधा मागच्याकडून वेग घेतो आणि त्यात आपली भर घालून पुढे देतो. क्रीडावैद्यक याला 'कायनेटिक चेन' म्हणतं, आपण साखळी म्हणू.

अमेरिकेतले अस्थिरोगतज्ज्ञ बेन किबलर यांनी या साखळीचा हिशेब मांडला. त्यानुसार सर्व्हिसमधली निम्म्याहून थोडी जास्त ऊर्जा पाय, कंबर आणि धड यांतून येते. त्याहून महत्त्वाचा आकडा पुढचा आहे. कमरेतून आणि धडातून येणारी ऊर्जा २० टक्के कमी झाली, तर हाताला तोच जोर देण्यासाठी खांद्याला ३४ टक्के जास्त वेगाने फिरावं लागतं.

म्हणजे गुडघे न वाकवता, ताठ उभं राहून सर्व्हिस करणारा माणूस हात वाचवत नसतो. पायांचं कर्ज तो खांद्याच्या नावावर काढत असतो, आणि खांदा ते व्याजासकट फेडतो.

खांदा म्हणजे बशीवर ठेवलेला चेंडू

खुब्याचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याची वाटी मात्र उथळ, बशीसारखी असते. म्हणून हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच तो सांधा नाजूक असतो. त्याला जागेवर धरून ठेवण्याचं मुख्य काम 'रोटेटर कफ' नावाचे चार छोटे स्नायू करतात. सर्व्हिस मारल्यावर भरधाव निघालेल्या हाताला ब्रेक लावण्याचं कामही बरंचसं त्यांच्याच वाट्याला येतं.

जिममध्ये जाऊन छाती आणि दंड फुगवणारे इथेच चुकतात. ते गाडीचं इंजिन मोठं करतात, पण ब्रेक जुनेच ठेवतात. सर्व्हिस आठवडाभर जोरात जाते, मग खांद्याच्या मागच्या बाजूला दुखायला लागतं.

मारिया शारापोव्हाचं उदाहरण सगळ्यांना माहीत असावं. २००८ साली तिच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिला सर्व्हिसची पद्धत बदलून पाहावी लागली आणि डबल फॉल्ट तिच्या खेळाला बराच काळ चिकटले. २०१२ आणि २०१४ मध्ये ती फ्रेंच ओपन जिंकली हे खरं, पण तिच्यामागे फिजिओ, प्रशिक्षक आणि पूर्ण वेळ होता. तुमच्यामागे सोमवारचं ऑफिस आहे.

मुलांच्या बाबतीत मला राग येतो

बारा-तेरा वर्षांच्या मुलाची हाडं अजून वाढत असतात. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला वाढीची कूर्चा असते आणि ती स्नायूंच्या मानाने कच्ची असते. त्या वयात, सराव संपत आल्यावर, पाय थकलेले असताना "आणखी एक बास्केट सर्व्हिस मार" असं सांगणं म्हणजे त्या कूर्चेवर घाव घालणं आहे. थकलेला मुलगा गुडघे वाकवत नाही, तो फक्त हाताने मारतो. म्हणजे सरावाच्या शेवटच्या अर्ध्या तासात तो चुकीचीच सर्व्हिस पाठ करत असतो.

दुसरा धोका कमरेचा. चेंडू डोक्याच्या मागे उडवला की तो गाठायला कंबर मागे वाकवून पिळावी लागते. हे पुन्हा पुन्हा झालं की वाढत्या वयातल्या मुलांत मणक्याच्या मागच्या भागाला बारीक तडा जाऊ शकतो. त्याचं नाव 'स्पॉन्डिलोलिसिस'. खेळणाऱ्या मुलाची कंबर दोन-तीन आठवडे दुखत असेल आणि मागे वाकल्यावर जास्त दुखत असेल, तर मलम चोळत बसू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. वेळेत कळलं तर विश्रांती आणि व्यायामाने बहुतेक मुलं परत खेळायला लागतात.

पालकांनो, मुलाच्या सर्व्हिसचा वेग मोबाइलवर मोजण्याआधी त्याने आज किती सर्व्हिस मारल्या ते मोजा. गुडघे वाकायचे थांबले की त्या दिवसाची सर्व्हिस संपली, हा नियम करा.

गोळी खाऊन कोर्टवर उतरणारे

आता माझ्या वयाच्या खेळाडूंकडे वळतो. सामन्याआधी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय क्लबांमध्ये चहाइतकी सहज झाली आहे. गोळीने वेदना दबते, स्नायूची इजा तशीच राहते. उन्हात घाम गाळून शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर तो धोका वाढतो. जठरात व्रण होऊ शकतो, रक्तदाब चढू शकतो. खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन पुढच्या आठवड्यात सर्व्हिस मारायला जाणाऱ्यांना तर मी हात जोडतो.

आणखी दोन गोष्टी. मधुमेह असलेल्यांत खांदा आखडण्याचा आजार, म्हणजे फ्रोझन शोल्डर, जास्त आढळतो. तो "खेळून मोकळा" होत नाही, उलट चिडतो. आणि खेळताना डावा खांदा, दंड किंवा जबडा दुखायला लागला आणि थांबल्यावर दुखणं गेलं, तर सर्व्हिसला दोष देऊ नका. ते हृदयाचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. थांबूनही दुखणं गेलं नाही, किंवा सोबत घाम आणि धाप असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

मग जोर वाढवायचा कसा?

१. पकड: रॅकेट हातोडीसारखी धरा. याला कॉन्टिनेंटल ग्रिप म्हणतात. तव्यासारखी धरली तर मनगट अडकतं आणि भार कोपरावर येतो.

२. चेंडू उडवणं: हात सरळ ठेवून, चेंडू किंचित पुढे, कोर्टच्या आत पडेल असा उडवा. वाईट उडालेला चेंडू मारू नका, सोडून द्या. नियमात त्याला मुभा आहे.

३. गुडघे: चेंडू हातातून सुटताना गुडघे वाकलेले हवेत. तिथून वर उसळी घ्या. जोर इथे तयार होतो.

४. धड: चेंडूला भिडताना दंड कानाला चिकटवू नका. धड बाजूला कलवा, म्हणजे दंड खांद्याच्या रेषेपेक्षा थोडाच वर राहूनही रॅकेट उंच पोचते.

५. शेवट: फटक्याच्या क्षणी कोपराखालचा हात बाहेर वळू द्या आणि फटक्यानंतर हात मोकळेपणाने खाली येऊ द्या. मध्येच आवळून थांबवू नका.

व्यायाम करायचे तर बैठका, पोटाचे आणि कमरेचे व्यायाम, रबरी पट्टीने दंड बाहेर फिरवण्याचा व्यायाम आणि पाठीवरच्या त्रिकोणी हाडाला मागे खेचणारे व्यायाम करा. घरी एक तपासणी करून पाहा. पाठीवर झोपा, दंड बाजूला पसरा, कोपर काटकोनात वाकवा आणि खांदा जमिनीवरून न उचलता पंजा पायांच्या दिशेने खाली न्या. खेळण्याचा हात थोडा कमी जाणं स्वाभाविक आहे. पण दुसऱ्या हातापेक्षा खूपच कमी जात असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टला भेटा, सर्व्हिस नंतर.

"पण डॉक्टर, ते इस्नर वगैरे?"

जॉन इस्नरने २०१६ च्या डेव्हिस कपमध्ये ताशी २५३ किलोमीटरची सर्व्हिस मारली, हे मला ठाऊक आहे. त्याची उंची २०८ सेंटिमीटर आहे हेही लक्षात घ्या. त्याच खेळात १७० सेंटिमीटरचा दिएगो श्वार्ट्झमन २०२० साली जगात आठव्या क्रमांकावर पोचला, तोही तोफगोळ्यासारख्या सर्व्हिसशिवाय. क्लबातला सामना तर बहुतेक वेळा जोरामुळे जिंकला जात नाही, डबल फॉल्टमुळे हरला जातो.

मी तुम्हाला जोरात खेळू नका असं सांगत नाही. जोर जिथून येतो तिथून काढा, एवढंच सांगतो. पुढचे सहा आठवडे रॅकेटला हात लावण्याआधी रोज दहा मिनिटं पाय आणि कंबर तयार करा, सर्व्हिस अर्ध्या जोराने मारा आणि फक्त गुडघ्यांकडे लक्ष ठेवा. आणि आत्ता खांदा दुखत असेल, तर हे सहा आठवडे तपासणी झाल्यावर मोजायला सुरुवात करा.