तिकीट, काउंटी आणि तोडपाणी

भारतवारीत कुणाच्या ना कुणाच्या घरी चहा पिताना हे वाक्य ऐकावं लागतंच, "तुमच्याकडे एक बरं आहे बाबा, मामाच्या हातात नोट कोंबून सुटता येत नाही. नियम म्हणजे नियम!" यातला पहिला भाग खरा आहे. ट्रॅफिक पोलिसाला पैसे द्यायचा विचार इथे कुणी करत नाही, आणि करूही नये. दुसऱ्या भागाबद्दल मात्र जरा बोलायचं आहे. कारण गाडी बाजूला घेऊन, तिकीट हातात पडून, मागचे लाल-निळे दिवे बंद झाले की त्यानंतर अमेरिकेत जे सुरू होतं, त्यात नियमांपेक्षा मांडवलीच जास्त असते. फरक इतकाच, की ही मांडवली कोर्टात होते, तिच्या अटी छापलेल्या असतात आणि पावती मिळते.

हा फरक मला फार मोलाचा वाटतो. पण त्या पावतीवर काय काय लिहिलेलं असतं तेही वाचायला हवं.

मी टेक्सासबद्दल लिहितोय, कारण प्रत्येक राज्याचं तंत्र वेगळं. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपला जिल्हा असं म्हणायची पद्धत आहे, पण कित्येक काउंट्या लोकसंख्येनं आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढ्याच असतात. ह्यूस्टनहून डॅलसला जायचं तर आय-४५ हा एकच रस्ता, साधारण चार तासांचा. पण त्या चार तासांत तुम्ही हॅरिस, माँटगोमरी, वॉकर, मॅडिसन, लिऑन, फ्रीस्टोन, नवारो, एलिस आणि डॅलस अशा नऊ काउंट्या ओलांडता. काउंटी बदलल्याचं सांगणारी छोटीशी पाटी असते, ती सहसा कुणी वाचत नाही. गंमत अशी, की तिकीट देणारा ट्रूपर राज्याचा, रस्ता आंतरराज्यीय, आणि खटला मात्र ज्या काउंटीत तुम्हाला थांबवलं तिथल्या 'जस्टिस ऑफ द पीस'पुढे. (लोक त्याला नुसतं जेपी म्हणतात.) काउंटीत असे एकापासून आठपर्यंत विभाग असतात आणि साधारणपणे प्रत्येकाचा आपापला जेपी. शहराच्या पोलिसानं शहराच्या हद्दीत पकडलं तर ते प्रकरण नगरपालिकेच्या कोर्टात, म्हणजे आणखी तिसरीकडे.

तेव्हा तिकिटाचा कागद हरवला तर काय? आमच्या लॅबमध्ये विदर्भातून आलेला एक नवा विद्यार्थी आहे. मित्रांबरोबर डॅलसला जाताना त्याला तिकीट मिळालं, ७५ मैलांच्या रस्त्यावर ८८. घर बदलताना तो कागद गेला. दोन आठवड्यांनी माझ्याकडे आला, "भाऊ, सगळीकडे शोधलं. राज्याच्या साइटवर माझं नावच नाही. म्हणजे सुटलो का?"

"अरे, सुटला नाहीस. फक्त चुकीच्या दारात उभा आहेस."

कारण आपल्या ई-चलानसारखं गाडीचा नंबर टाकला की सगळं समोर, असं एकच ठिकाण इथे नाही. मग आम्ही काय केलं, तर नकाशा उघडला. कुठे जेवलात, त्यानंतर किती वेळानं पकडलं, कोणती एक्झिट मागे पडली होती, असं करत करत काउंटी ठरवली. तिच्या साइटवर जेपी कोर्टांचे फोन नंबर होते. पहिल्या कोर्टातल्या क्लार्कबाईंनी लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख विचारली आणि म्हणाल्या, हे आमच्याकडे नाही, शेजारच्या विभागात विचारा. तिथे सापडलं. हजर व्हायच्या तारखेला चार दिवस उरले होते.

त्या चार दिवसांचं महत्त्व घरी बसून कळत नाही. तिकिटावर तुम्ही सही करता ती गुन्हा कबूल म्हणून नव्हे, तर अमुक तारखेपर्यंत कोर्टाला उत्तर देईन या वचनाची. ती तारीख चुकली की हजर न राहणं हा वेगळा गुन्हा होतो, वॉरंट निघू शकतं, लायसन्सचं नूतनीकरण अडू शकतं. मूळ गुन्हा ताशी तेरा मैलांचा, पण अंगाशी येतं ते न आलेलं उत्तर.

उत्तराचे पर्याय मात्र बरेच आहेत. सरळ पैसे भरले तर दोषी ठरल्याची नोंद होते आणि विम्याचा हप्ता वाढण्याची भीती. म्हणून जाणते लोक तसं करत नाहीत. वेग मर्यादेपेक्षा २५ मैल किंवा त्याहून जास्त नसेल, आणि गेल्या बारा महिन्यांत ही सवलत घेतली नसेल, तर सहा तासांचा सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स करायचा, ९० दिवसांत प्रमाणपत्र आणि आपलं ड्रायव्हिंग रेकॉर्ड कोर्टाला द्यायचं, की प्रकरण रद्द. (कोर्स घरबसल्या कॉम्प्युटरवर होतो. अतिशय रटाळ असतो. शिक्षा तीच असावी.) दुसरं म्हणजे जज निकाल जास्तीत जास्त १८० दिवस लांबणीवर टाकू शकतो, तेवढ्यात नवीन भानगड केली नाही तर प्रकरण संपलं. आणि तिसरं म्हणजे 'मी दोषी नाही' म्हणायचं. या एवढ्याशा प्रकरणाला टेक्सासमध्ये सहा जणांची ज्युरी मागता येते, पोलिसाला समोर उभं करून प्रश्न विचारता येतात, आणि हरलात तर काउंटी कोर्टात नव्यानं सुनावणी मागता येते. जेपी हा वकील असलाच पाहिजे असंही नाही, निवडून आलेला गावचा माणूस असतो.

आमच्या विद्यार्थ्यानं अर्थातच कोर्स घेतला. त्याला मी एकच गोष्ट बजावली, की प्रकरण रद्द झाल्याचा कोर्टाच्या शिक्क्याचा कागद मागून घे आणि जपून ठेव. पुढे नागरिकत्वाचा अर्ज करताना लोक पंधरा वर्षांपूर्वीची तिकिटं कुठल्या काउंटीत होती हे आठवत बसतात. पाचशे डॉलरच्या आतला साधा ट्रॅफिक दंड असेल, अटक झालेली नसेल आणि दारू वा अमली पदार्थांचा संबंध नसेल तर त्याची कागदपत्रं जोडावी लागत नाहीत, पण निकाल काय लागला हेच माहीत नसलेला माणूस रात्री झोपत नाही.

आता पावती. टेक्सासमध्ये वेगमर्यादेच्या तिकिटाचा दंड सर्वसाधारणपणे १ ते २०० डॉलर. पण जजनं एक डॉलर दंड केला तरी त्याच्या डोक्यावर राज्याचा ठरलेला खर्च ६२ डॉलर, राज्याचा वाहतूक दंड ५० डॉलर, स्थानिक खर्च १४ डॉलर. म्हणजे १२६ डॉलर झाले. कोर्स केला तरी कोर्टाचा खर्च भरावाच लागतो. हा पैसा कुठे जातो? राज्याच्या तिजोरीत, स्थानिक निधींत, कोर्टाच्या इमारतीच्या सुरक्षेला. म्हणजे न्याय देणाराच वसुलीच्या खिडकीवर बसलेला. माझी खरी हरकत इथे आहे.

टेक्सासनं २००३ साली तर कमालच केली होती. कोर्टाचा दंड भरल्यावरही काही गुन्ह्यांसाठी तीन वर्षं दरवर्षी वेगळा अधिभार! न भरल्यास लायसन्स निलंबित. लायसन्स नाही म्हणून माणूस घरी बसत नाही, कारण कामाला जायला बस नसते; तो तसाच गाडी चालवतो, पुन्हा पकडला जातो, पुन्हा अधिभार. लाखो लोक या चक्रात सापडले. शेवटी २०१९ साली तो कायदा रद्द झाला, आणि त्याची भरपाई म्हणून वरचा वाहतूक दंड ३० डॉलरचा ५० झाला.

याचं टोक बघायचं तर मिझुरीतलं फर्ग्युसन. २०१४ साली तिथे मायकल ब्राउन या तरुणाचा पोलिसाच्या गोळीनं मृत्यू झाला, आणि २०१५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याचा अहवाल आला. जेमतेम २१,००० वस्तीच्या त्या शहरात १६,००० हून जास्त लोकांवर वॉरंट होती (सगळे त्याच गावचे नव्हेत), आणि शहराच्या अंदाजपत्रकात जवळपास एक चतुर्थांश उत्पन्न दंडातून धरलेलं होतं. दंड भरण्याची ऐपतच नसेल तर चौकशी न करता माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८३ सालीच बेर्डन विरुद्ध जॉर्जिया खटल्यात सांगितलं होतं. तरीही.

टेक्सासनं या बाबतीत दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या आहेत. पाच हजारांहून कमी वस्तीच्या गावाचं ट्रॅफिक दंडाचं उत्पन्न आदल्या वर्षीच्या महसुलाच्या ३० टक्क्यांवर गेलं तर वरचा पैसा राज्याकडे जातो. आणि २०१७ पासून जजला शिक्षा सुनावताना विचारावंच लागतं, की बाबा, तुला हे भरणं जमेल का? जमत नसेल तर हप्ते, समाजसेवा किंवा माफी.

आपल्याकडे ई-चलान आल्यापासून चिरीमिरी कमी झाली असं सगळे म्हणतात. कॅमेरा पैसे खात नाही हे खरंच. पण कॅमेरा ऐकूनही घेत नाही. विकलेल्या स्कूटरचं चलान जुन्या मालकाला येतं, कारण कागदावर नाव बदललेलं नसतं. कायद्यानं तुम्हाला मॅजिस्ट्रेटपुढे जाता येतं, पण त्या वाटेनं किती जण जातात? बहुतेक लोक लोकअदालतीची आणि सवलतीची वाट बघत बसतात. ज्याचं चूक आहे त्यालाही सूट, आणि ज्याचं नाही त्यालाही सूटच! हे मला तोडपाण्याचंच सरकारी रूप वाटतं. दिवसभर दुचाकीवर पार्सलं पोचवणाऱ्या पोराला चार चलानं म्हणजे आठवड्याची कमाई, आणि त्यातलं एक त्याचं नव्हतंच हे सांगायला तो एक दिवस बुडवणार कुठून?

अमेरिकेकडून घ्यायचं तर १२६ डॉलरचे खर्च घेऊ नका, ते आपल्याला आपसूक जमतील. तो तिकिटाचा कागद घ्या. चलानाच्या एसएमएसमध्ये दंडाच्या रकमेच्या वर कोर्टाचं नाव, उत्तर द्यायची शेवटची तारीख, फोन उचलणाऱ्या क्लार्कचा नंबर आणि 'मान्य नाही' असं एक बटण येऊ द्या. आणि त्या कोर्टाची वेळ संध्याकाळी सहानंतरची ठेवा.