व्हिला पार्कवरचे चौघे

'हेवी मेटल' संगीताचे जनक मानल्या जाणाऱ्या 'ब्लॅक सॅबथ' वाद्यवृंदाचे चारही मूळ कलावंत ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्ये वीस वर्षांनी एका मंचावर आले. सतराच दिवसांनी गायक ऑझी ऑस्बोर्न निवर्तले. हे चौघे अ‍ॅस्टनच्या कामगार वस्तीतले. गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात यंत्राने तोडली. त्यांनी बोटांना टोपणे चढविली, पुढे तारा सैल केल्या आणि त्यातून तो घनगंभीर नाद घडत गेला. कर्कश म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

१९७० साली पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. १९७९ मध्ये व्यसनाधीन ऑस्बोर्न यांना काढण्यात आले. १९९७ मध्ये चौघे पुन्हा जुळले. २०१२ मध्ये मात्र करार मान्य न झाल्याने ड्रमवादक बिल वॉर्ड बाहेर राहिले आणि २०१३ ची ध्वनिमुद्रिका त्यांच्यावाचून निघाली. ऑस्बोर्न यांनी वॉर्ड यांच्या प्रकृतीकडे बोट दाखविले. प्रकृतीचे कारण खरे धरले, तरी आरंभापासूनच्या सहकाऱ्याला सन्मानाच्या करारासाठी झगडावे लागावे, हे आम्हांस अशोभनीय वाटते. व्हिला पार्क मैदान अ‍ॅस्टनमध्येच आहे. तेथे ऑस्बोर्न बसून गायले, चारच गाणी झाली आणि ठेका वॉर्ड यांचा होता.