दमट हवेतला एसी : दुरुस्ती करायची की बदलायचा, आणि पैसा आणायचा कुठून?

मे महिन्याच्या दुपारी मुंब्रा, कौसा, कुर्ला, भिवंडी किंवा मीरा रोडच्या कुठल्याही गल्लीत उभे राहा. एखादा तरुण मेकॅनिक खिडकीच्या ग्रीलवर अर्धा बाहेर लटकलेला दिसेल. आउटडोअर युनिट उघडून तो घरात डोकावतो आणि म्हणतो, "गॅस उडालाय चाचा. भरून देतो, पण टिकेल याची गॅरंटी नाही. नवीनच घेऊन टाका." आमच्याही घरी हे वाक्य दोन वर्षांत तिसऱ्यांदा ऐकले. घरात आजारी वृद्ध असेल, लहान बाळ असेल किंवा पोटुशी सून असेल, तर या वाक्याने सगळ्या महिन्याचे गणित कोलमडते.

एसी म्हणजे चैन, असे आपल्याकडे अजूनही बोलले जाते. "आमच्या वेळी कुठे होता एसी?" असे घरातले मोठेही म्हणतात. त्यांचे चुकत नाही. कोकणातले जांभ्या दगडाचे कौलारू घर, पुढे पडवी, मागे परसात माडाची सावली. त्या घरात रात्री वारा खेळायचा. आखातातून आलेल्या पैशाने त्याच जागी स्लॅबची घरे उभी राहिली. मुंबईच्या आसपास तर डोक्यावर तापलेला स्लॅब किंवा पत्रा आणि खिडकीसमोर चार फुटांवर दुसऱ्या इमारतीची भिंत. घर बदलले, हवा बदलली आणि गरजही बदलली.

मालेगावचा कूलर मुंब्र्यात का चालत नाही?

आपले नातेवाईक मालेगाव, संभाजीनगर, नागपूरला असतात. तिथे पारा ४२-४३ वर जातो, पण गवताच्या जाळ्यांचा कूलर खोली गार करतो. कारण हवा कोरडी असते. पाणी उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. किनाऱ्यावर हवेत आधीच एवढी वाफ असते की कूलरचे पाणी उडतच नाही. उलट खोलीत आणखी चिकचिक होते.

आपल्या शरीराचेही तेच आहे. घाम येणे महत्त्वाचे नाही, घाम वाळणे महत्त्वाचे आहे. दमट हवेत घामाच्या धारा लागतात, पण अंग गार होत नाही. म्हणून भारतीय हवामान विभागही उष्णतेच्या लाटेसाठी सपाट प्रदेशात ४० अंशांचा निकष लावतो आणि किनारपट्टीवर ३७ अंशांचा. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावरच्या सरकारी कार्यक्रमात उष्माघाताने अनेकांनी जीव गमावला, तेव्हा पारा काही विदर्भासारखा चढलेला नव्हता. ३४ अंशांचा मुंब्रा आणि ३४ अंशांचे मालेगाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दमट हवेत आजारी माणसासाठी एसी ही चैन उरत नाही, एवढे तरी आपण मान्य करायला हवे.

एसी लवकर का मरतो?

सगळा दोष कंपनीचा नसतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने आउटडोअर युनिटचा पत्रा आणि कॉईलच्या पात्या खराब होतात. खाडी किंवा उघडा नाला जवळ असेल तर त्यातून निघणारा गंधकाचा वायू तांब्याच्या नळ्यांना खातो. सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात आणि गॅस हळूहळू निघून जातो. आपल्या कितीतरी वस्त्या नेमक्या खाडी आणि नाल्यांच्या काठावर आहेत. म्हणजे ज्याच्याकडे पैसा कमी, त्याच्या एसीचे आयुष्यही कमी.

अशा वेळी गळती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. दर उन्हाळ्यात दोन-अडीच हजार जातात आणि चार वर्षांनी लक्षात येते की एवढ्या पैशात नवी कॉईल आली असती. जाहिरातीतली "दहा वर्षांची वॉरंटी" बहुधा फक्त कॉम्प्रेसरची असते. कॉईल आणि पीसीबी किती वर्षे धरले आहेत, हे दुकानातच वाचून घ्यावे.

जुन्या एसीत आर-२२ गॅस असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. ओझोनच्या थराला मारक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार हा गॅस जगभर बंद होत चालला आहे. नव्या एसीत बहुतेक आर-३२ येतो. त्याचा दाब जास्त असतो आणि तो ज्वलनशीलही आहे, त्यामुळे जुन्या मशिनमध्ये तो भरता येत नाही. कोणी "चालतंय की" म्हणून भरून देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

नवा घ्यायचा तर खर्च किती?

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे ३०,००० मूळ किमतीचा एसी आधी ३८,४०० ला पडायचा, तो ३५,४०० ला पडू लागला. तीन हजार वाचले. दिलासा आहेच, पण दुकानातली किंमत हा पूर्ण खर्च नसतो. बसवण्याची मजुरी, जादा लागणारा तांब्याचा पाइप, भिंतीवरचा स्टँड, स्टॅबिलायझर, जुन्या वायरिंगची डागडुजी हे सगळे धरले की पाच-सात हजार आणखी जातात. वाचलेले तीन हजार तिथेच संपतात.

खरा हिशोब मात्र वीजबिलाचा आहे. तो आपण कागदावर मांडू.

समजा, एका घरात एसीशिवाय महिन्याला २०० युनिट लागतात. एक टनाचा जुना एसी तासाला एक युनिट खातो आणि रोज रात्री आठ तास चालतो. महिन्याचे २४० युनिट झाले, एकूण ४४०. नवा पाच स्टार इन्व्हर्टर तेच काम तासाला ०.६ युनिटमध्ये करतो असे धरू. एसीचे युनिट १४४ वर आले, म्हणजे ९६ वाचले. महावितरणच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे बदलतात आणि वरच्या टप्प्यातले युनिट महाग असते. त्यामुळे वाचते ते नेहमी आपले सर्वात महाग युनिट. सगळे आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून ते १२ रुपयांना पडते असे समजा. महिन्याला सुमारे ११५०, आणि वर्षातले सहा महिने एसी चालला तर जवळपास ६,९०० रुपये वाचले. नव्या एसीला सगळे मिळून ४०,००० लागले आणि जुन्याच्या दुरुस्तीला १०,००० लागणारच होते, तर जादा घातलेले ३०,००० साडेचार वर्षांच्या आत वसूल होतात.

आता दुसरे घर. एसी फक्त तीन महिने, रोज तीन तास. महिन्याला ९० ऐवजी ५४ युनिट, वर्षाकाठी बचत १०८ युनिटची. युनिटला १० रुपये धरले तरी हजार-अकराशे रुपये. असे ३०,००० वसूल व्हायला पंचवीसहून जास्त वर्षे लागतील. या घराने दुरुस्ती करावी किंवा साधा तीन स्टार घ्यावा.

सांगायचे एवढेच की "पाच स्टारच घ्या" हा सल्ला सगळ्यांना लागू नाही. स्टारच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेले असते. ते १६०० तासांच्या वापरावर काढलेले असते, म्हणजे रोज आठ तास आणि २०० दिवस. आपला वापर त्याच्या वर आहे की खाली, हे आधी पाहा. लेबलचे वर्षही पाहा. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचा पाच स्टार नव्या निकषात खाली घसरू शकतो.

मोठा एसी म्हणजे चांगला एसी नव्हे

दहा बाय दहाच्या खोलीत दीड टन बसवायची आपल्याकडे हौस आहे. दमट हवेत ही चूक महागात पडते. एसीला दोन कामे करायची असतात : हवा गार करणे आणि हवेतले पाणी काढणे. गरजेपेक्षा मोठा एसी, त्यातही इन्व्हर्टर नसलेला, खोली झटकन गार करून बंद पडतो आणि पाणी हवेतच राहते. मग अंग चिकट लागते म्हणून आपण रिमोटवर १८ करतो. छोट्या खोलीला एक टन पुरतो. २५-२६ वर ठेवून वर पंखा लावा, पावसाळ्यात ड्राय मोड वापरा, फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. तापमान एक अंश वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, सांगत आला आहे.

पैसा कुठून आणायचा?

दुकानदार लगेच "झिरो कॉस्ट ईएमआय" पुढे करतो. व्याज टाळणाऱ्या आपल्या घरांना हे सोयीचे वाटते. पण शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज कुठेतरी असतेच : प्रोसेसिंग फीमध्ये, किंवा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला न मिळण्यात. म्हणून आधी रोखीचा भाव विचारा, मग हप्त्यांची बेरीज करा. फरक दिसला की त्याचे नाव काय, ते तुम्हीच ठरवा. त्यापेक्षा भावाबहिणींची बिशी किंवा मोहल्ल्यातली बिनव्याजी पतसंस्था बरी. आणि खरेदी मे महिन्यात नको, थंडीत करा. तेव्हा भावही उतरतो आणि मेकॅनिकला घाईही नसते.

सर्वात अडचणीत आहेत ते भाडेकरू. हेवी डिपॉझिटवर किंवा अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस ४०,००० चा एसी दुसऱ्याच्या भिंतीला का लावेल? प्रत्येक घर बदलताना काढण्या-बसवण्याचा खर्च आणि गॅस वेगळा. म्हणून तो जुना सेकंडहँड एसी घेतो आणि सर्वात गरीब घरच सर्वात जास्त वीज खाणारे मशिन चालवते.

इथे वैयक्तिक शहाणपण संपते आणि धोरण सुरू होते. दिल्लीत बीएसईएस कंपन्यांनी जुना एसी देऊन सवलतीत नवा घेण्याच्या योजना राबवल्या. तशीच योजना भिवंडी आणि मुंब्रा-कळव्यात वीज पुरवणाऱ्या टोरंटकडे, महावितरणकडे, बेस्टकडे आपण सोसायट्या, जमातखाने आणि नगरसेवकांमार्फत मागायला हवी. जुना एसी भंगारात गेला की तोडताना गॅस हवेत सोडला जातो. आर-२२ चा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० किलोइतकी उष्णता वाढवतो. बदली योजनेत तो गॅस काढून घेता येईल. आणि ते काम करायला आपल्याच वस्त्यांतली मुले आहेत, जी आज पट्टा न बांधता सहाव्या मजल्यावर लटकतात. त्यांना प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि सुरक्षेचा पट्टा मिळाला तर रोजगारही पक्का होईल आणि कामही धड होईल.

तोवर एक साधी गोष्ट करू. मागच्या बारा महिन्यांची बिले काढा, एसी किती तास चालतो ते लिहा, दुरुस्तीची पावती शेजारी ठेवा आणि वरचा हिशोब स्वतः करून पाहा. आम्ही तो केला, तेव्हा पाच स्टार घ्यायच्या तयारीत असलेल्या आमच्या घराचे उत्तर निघाले : गळती शोधून कॉईल बदला, अजून तीन वर्षे चालवा. तुमचे उत्तर वेगळे येऊ शकते. पण ते दुकानदाराने दिलेले नसावे, आपल्या कागदावरून आलेले असावे.