विश्लेषण : घराजवळचे मेडिकल की परवडणारे? ‘एमबीबीएस’चा पसंतीक्रम कसा ठरवावा?

‘नीट’चा निकाल लागला की पनवेल, कामोठे, खारघरमधील घराघरांत महाविद्यालयांच्या याद्या तयार होऊ लागतात. कामोठ्याचे एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय पनवेल महापालिकेच्या हद्दीतच आहे, नेरुळला आणखी दोन महाविद्यालये आहेत. पण जवळचे महाविद्यालय कोणत्या प्रकारचे, त्याचे प्रवेश कोण करते आणि शुल्क किती, हे न पाहता भरलेली यादी महागात पडू शकते.

अर्ज नेमका कुठे करायचा?

महाविद्यालयात थेट अर्ज करून एमबीबीएसला प्रवेश मिळत नाही. त्यासाठी दोन स्वतंत्र प्रक्रिया आहेत. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय कोटा, ‘एम्स’ आणि सर्व अभिमत विद्यापीठांचे प्रवेश केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती (एमसीसी) करते. राज्यातील शासकीय व महापालिका महाविद्यालयांच्या उरलेल्या ८५ टक्के जागा आणि खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांच्या जागा राज्याचा सीईटी कक्ष भरतो. दोन्हीकडे नोंदणी, अनामत रक्कम आणि वेळापत्रक वेगळे असते.

राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र लागते, तसेच दहावी आणि बारावी राज्यातूनच उत्तीर्ण व्हावी लागते. कोट्यासारख्या शहरात शिकवणीसाठी जाऊन बारावीची परीक्षाही तिथूनच देणाऱ्यांना याचा फटका बसतो. एसईबीसी हा राज्यापुरता प्रवर्ग असून अखिल भारतीय कोट्यात तो लागू नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

शेजारच्या दोन महाविद्यालयांत फरक काय?

नेरुळमधील तेरणा वैद्यकीय महाविद्यालय हे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न खासगी महाविद्यालय आहे, त्यामुळे त्याचे प्रवेश सीईटी कक्षाकडून होतात. त्याच नेरुळमधील डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात मोडते आणि त्यासाठी ‘एमसीसी’कडे नोंदणी लागते. कामोठ्याचे एमजीएमही अभिमत विद्यापीठाचेच. अभिमत विद्यापीठात स्थानिकांसाठी ८५ टक्के राज्य कोटा नसतो. त्यामुळे कामोठ्यात राहणारा विद्यार्थी आणि बिहारमधला विद्यार्थी एमजीएमच्या जागेसाठी एकाच रांगेत उभे असतात.

शुल्कात तफावत किती?

राज्यातील शासकीय महाविद्यालयांचे वार्षिक शुल्क साधारण दीड लाख रुपयांच्या आतबाहेर आहे. खासगी महाविद्यालयांचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते बहुतेक ठिकाणी ७ ते १५ लाखांच्या दरम्यान असते. अभिमत विद्यापीठांत ते २० ते २५ लाख किंवा त्याहूनही अधिक आहे. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असल्याने, वसतिगृह व खाणावळ वगळूनही, अभिमत विद्यापीठातील खर्च एक कोटीच्या आसपास जातो.

आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना पूर्ण शिक्षण व परीक्षा शुल्कमाफी देण्याचा निर्णय राज्याने जुलै २०२४ मध्ये घेतला. ती केंद्रीभूत प्रक्रियेतून खासगी महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थिनींनाही लागू आहे. मात्र खासगी अभिमत विद्यापीठे आणि व्यवस्थापन कोटा त्यातून वगळले आहेत. त्यामुळे पनवेलमधील एखाद्या मध्यमवर्गीय मुलीला दूरच्या जिल्ह्यातील खासगी महाविद्यालय घराजवळच्या अभिमत विद्यापीठापेक्षा कितीतरी स्वस्त पडू शकते.

गेल्या वर्षीचे गुण उपयोगी पडतात का?

फारसे नाही. २०२४ मध्ये ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे अनेक विद्यार्थी होते. २०२५ मध्ये प्रश्नपत्रिका अवघड गेली आणि देशातील सर्वोच्च गुण ६८६ वर आले. खुल्या गटाची पात्रता १६२ वरून १४४ वर घसरली. म्हणून महाविद्यालयाचा ‘कटऑफ’ पाहताना गुणांऐवजी अखिल भारतीय क्रमांक पाहावा आणि तोही आपल्या प्रवर्गाचा, शेवटच्या फेरीपर्यंतचा. २०२५ मध्ये १२ लाखांहून अधिक विद्यार्थी पात्र ठरले, तर देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. म्हणजे पात्र ठरणे आणि प्रवेश मिळणे यांत मोठे अंतर आहे.

नवे शासकीय महाविद्यालय निवडावे का?

रायगड जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अलिबागला २०२१-२२ मध्ये १०० जागांसह सुरू झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात आणखी दहा शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत अंबरनाथ आणि मुंबईचा समावेश आहे. शुल्क कमी हा यांचा मोठा फायदा. मात्र इमारत, वसतिगृह आणि अध्यापकांची पदे भरण्याचे काम अशा ठिकाणी पुढे बरीच वर्षे चालते. त्यामुळे संलग्न रुग्णालयात किती खाटा आहेत, बाह्यरुग्ण विभागात रोज किती रुग्ण येतात आणि किती विभागांत पूर्णवेळ प्राध्यापक आहेत, हे यादी भरण्यापूर्वी प्रत्यक्ष जाऊन पाहावे. जे. जे., केईएम किंवा शीवसारख्या रुग्णालयांत रुग्णसंख्येचा प्रश्न नसतो, पण तिथला क्रमांक फार वरचा लागतो. हार्बर मार्गावरून रोज ये-जा करण्याचा विचार असेल, तर रात्रपाळीच्या काळात तो टिकणार नाही, हेही गृहीत धरावे.

यादी मुंबईपुरतीच का ठेवू नये?

वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० प्रादेशिक सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले. तोवर विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशा विभागांत ७० टक्के जागा तिथल्याच विद्यार्थ्यांसाठी राखीव असत. आता पनवेलच्या विद्यार्थ्याला गोंदिया, नंदुरबार, लातूर सारखेच खुले आहे आणि तिथल्या विद्यार्थ्यांना मुंबई. त्यामुळे केवळ मुंबई-ठाण्याची नावे भरणाऱ्याची शासकीय जागा हुकू शकते.

क्रम कसा लावावा?

संगणक गुणवत्ता क्रमाने एकेक उमेदवार घेतो आणि त्याच्या यादीत वरून खाली जात पहिली उपलब्ध जागा देतो. ‘हे आपल्याला मिळणार नाही’ असे वाटणारे नाव वर लिहिल्याने खालच्या नावाची संधी कमी होत नाही. त्यामुळे अंदाज बाजूला ठेवून खऱ्या आवडीचा क्रम लावावा. उलट, जिथे जायची किंवा जिथले शुल्क भरायची तयारीच नाही, ते नाव यादीत असू नये. ‘एमसीसी’च्या पहिल्या फेरीत माघार घेता येते, पण पुढे अनामत जप्त होते. अभिमत विद्यापीठांसाठी ही अनामत २ लाख रुपये आहे. शिवाय पुढच्या फेऱ्यांत घेतलेल्या प्रवेशाने राज्याच्या प्रक्रियेचा मार्ग बंद होऊ शकतो.

राज्याच्या फेऱ्यांत मिळालेली जागा कायम ठेवायची असेल, तर ‘स्टेटस रिटेन्शन’ अर्ज वेळेत भरावा लागतो. तो न भरल्यास उमेदवार पुढच्या फेरीत धरला जातो आणि वरची पसंती मिळाल्यास आधीची जागा आपोआप जाते. म्हणून नव्याने क्रम भरताना हातातल्या जागेपेक्षा खरोखर चांगली वाटणारीच नावे लिहावीत. कोणत्या शुल्कापर्यंत जायचे, हा आकडा पहिल्या फेरीपूर्वीच घरात बसून ठरवायला हवा. यादी निश्चित करण्याच्या शेवटच्या रात्री घेतलेल्या निर्णयाचे हप्ते अनेक कुटुंबे पुढे दहा-दहा वर्षे फेडत राहतात.