प्राणवायू यंत्रातील मणी

२०२१ च्या उन्हाळ्यात गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या कितीतरी घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. साथ ओसरली आणि यंत्रे माळ्यावर गेली. आता शेजारी कोणा आजोबांना सीओपीडीमुळे घरी प्राणवायू लावण्याचा सल्ला मिळाला, की तेच यंत्र शेजारधर्माने खाली उतरते. खोलीत घरघर सुरू होते, नळीतील गोळी चढते आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. तो इतक्या लवकर पडू नये, यासाठी हा प्रपंच.

ती गोळी दर मिनिटाला किती लिटर वायू जात आहे एवढेच दाखवते. त्या वायूत प्राणवायू किती, हे तिला ठाऊक नसते.

हे यंत्र प्राणवायू निर्माण करत नाही, हवेतून वेगळा काढते. हवेत ७८ टक्के नत्रवायू आणि सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. यंत्राच्या पोटात दोन नळकांडी असतात आणि त्यांत झिओलाइटचे, साबुदाण्याहून बारीक मणी ठासून भरलेले असतात. दाबाखालची हवा त्यांतून गेली की मणी नत्रवायूला धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे जातो. काही सेकंदांत दाब उतरतो, नत्रवायू सुटून बाहेर पडतो, तोवर दुसरे नळकांडे कामाला लागलेले असते. झिओलाइट आपल्याला परके नाही. सह्याद्रीच्या काळ्या कातळातील पोकळ्यांत त्याचे देखणे स्फटिक सापडतात. यंत्रातले मणी मात्र कारखान्यातले.

सारी करामत या भरणीची आहे. एप्रिल २०२१ मध्ये पवईच्या आयआयटीत प्रा. मिलिंद अत्रे यांच्या नेतृत्वाखाली नत्रवायू काढणाऱ्या एका संयंत्रात थोडे फेरफार करून कार्बनच्या जागी झिओलाइट भरण्यात आले. तेच संयंत्र ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा प्राणवायू देऊ लागले.

या मण्यांचा वैरी म्हणजे ओल. पाण्याची वाफ त्यांना नत्रवायूपेक्षाही घट्ट चिकटते आणि सहजी सुटत नाही. यंत्र चालू असताना ती बहुतांशी नळकांड्याच्या तोंडाशीच अडून राहते. यंत्र बंद पडून राहिले की हळूहळू आत पसरते. मुंबईचे तीन-चार पावसाळे माळ्यावर काढलेल्या यंत्राकडे मी म्हणूनच संशयाने पाहतो. शिवाय आदळआपट झाली की मणी एकमेकांवर घासून त्यांची भुकटी होते, भरणी सैल पडते आणि हवा मोकळ्या वाटेने निसटते. घरघर तीच, गोळीही तिथेच, पण प्राणवायू कमी!

म्हणून जुने किंवा मंडळाकडून उसने आणलेले यंत्र रुग्णाला लावण्यापूर्वी तंत्रज्ञाला बोलावून ऑक्सिजन अॅनालायझरने शुद्धता मोजून घ्यावी. यंत्र पंधरा-वीस मिनिटे चालू दिल्यानंतर, पूर्ण प्रवाहावर मोजावी. चांगले यंत्र ९० ते ९६ टक्के दाखवते. शुद्धता ८२ ते ८५ टक्क्यांखाली गेली की बऱ्याच यंत्रांवर दिवा लागतो. तरी आपल्या यंत्रात ती सोय आहे का, तेही विचारावे.

बोटावरचा ऑक्सिमीटर नेहमीपेक्षा खाली जाऊ लागला, तर हात सहज बटणाकडे जातो. तो आवरावा आणि डॉक्टरांना कळवावे. यंत्राच्या क्षमतेपलीकडे प्रवाह वाढवला तर मण्यांना नत्रवायू धरायला सवड मिळत नाही आणि शुद्धता आणखी घसरते. यंत्र उत्तम असले तरी सीओपीडीच्या रुग्णाला जादा प्राणवायू घातक ठरू शकतो. त्यांच्यासाठी सहसा ८८ ते ९२ एवढीच पातळी राखतात. त्याहून अधिक दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून रुग्ण गुंगू लागतो. ती गुंगी म्हणजे शांत झोप नव्हे.

चाळीतल्या खोलीत जागेची अडचण मला ठाऊक आहे. तरीही यंत्र मोरीजवळ वा स्वयंपाकाच्या वाफेत नसावे, भिंतीपासून फूटभर दूर असावे. बाहेरची जाळी धुतल्यावर पूर्ण वाळवूनच बसवावी. देवापुढचे निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी रुग्णापासून आणि नळीपासून लांब. विडी-सिगारेट त्या खोलीत नकोच. वीज गेली तर हाताशी भरलेला सिलिंडर हवा.

झिजलेली भरणी बदलून मिळते, परंतु नळकांडे घरी उघडू नये. उघड्यावर ते मणी हवेतली ओल भराभर शोषून घेतात. बदलल्यावर शुद्धता पुन्हा मोजायला लावावी आणि तो आकडा तारखेसह यंत्रावरच चिकटवून ठेवावा.